सोलापूर जिल्ह्यातील वीज, बगॅस आणि कोळसा भट्ट्यांच्या धुराचा वर्षावार हिशेब कसा मांडावा

वीज प्रकल्प, साखर कारखान्यांचे बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वाफ आणि वीज बनवणारे सहवीज बॉयलर, ब्रिकेटचे (दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचे) कारखाने आणि लोणारी, म्हणजे लाकडाच्या, कोळशाच्या भट्ट्या यांतून हवेत किती धूळ, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड जातात, आणि ते वर्षागणिक वाढते की घटते, याचे तक्ते महापालिकेच्या आराखड्यात, महाविद्यालयीन प्रकल्पांत, कारखान्यांच्या अहवालांत सतत लागतात. त्यांतले बरेच तक्ते पहिल्याच ओळीत चुकलेले असतात. चूक बहुधा गणितात नसून क्रमात असते. आधी इंटरनेटवरून उत्सर्जनाचा दर, म्हणजे इंधनाच्या टनामागे किंवा उष्णतेमागे किती प्रदूषक निघतो तो आकडा, शोधला जातो आणि मग तो लावायला आकडे गोळा होतात. खरे तर आधी इंधनाचा हिशेब पक्का व्हायला हवा, धुराचा हिशेब त्यानंतर.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

पायरी १ : हद्द आणि खाती ठरवा

कोणता धूर कोणत्या खात्यात टाकायचा हे कागदावर लिहिल्याशिवाय एकही आकडा घेऊ नका. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ऊर्जा उद्योगाचे गट असे आहेत. विक्रीसाठी वीज बनवणारे प्रकल्प १ए१ए मध्ये, तेल शुद्धीकरण १ए१बी मध्ये, आणि घन इंधन बनवताना त्या कारखान्यात जे इंधन जळते ते १ए१सी मध्ये. खाणीतून आणि कोळसा हाताळताना उडणारी धूळ १बी१ए मध्ये जाते, कोक भट्ट्यांसारख्या रूपांतरातून निसटणारे वायू १बी१बी मध्ये.

सोलापुरात हे असे बसते:

- दक्षिण सोलापूर तालुक्यातला एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प १ए१ए मध्ये. ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॅट.
- साखर कारखान्याचा बगॅस बॉयलर १ए२ई मध्ये, म्हणजे अन्नप्रक्रिया उद्योगात. कारखाना जादा वीज महावितरणला विकत असला तरीही. मूळ धंदा साखरेचा आहे, वीज जोडधंदा.
- सहवीज प्रकल्प वेगळ्या कंपनीचा असेल आणि तिचा मुख्य धंदाच वीजविक्रीचा असेल, तर तो १ए१ए मध्ये.
- वेड्या बाभळीच्या लाकडाच्या मातीच्या भट्ट्या आणि ब्रिकेट कारखान्यांच्या वाळवणी भट्ट्या १ए१सी मध्ये.
- चादर आणि टॉवेल उद्योगातल्या रंगाई-धुलाईच्या बॉयलरचा धूर कापड उद्योगाच्या खात्यात. तो ऊर्जा उद्योगात ओढू नका.

जिल्ह्यात दगडी कोळशाची खाण नाही. तिथे शून्य लिहायचे नाही, ‘असा स्रोत नाही’ असे लिहायचे. स्रोत आहे पण मोजलेला नाही, तर ‘अंदाज केलेला नाही’. दुसऱ्या खात्यात धरला असेल, तर ‘अन्यत्र समाविष्ट’ आणि कुठे ते. या तीन शेऱ्यांच्या जागी शून्य पडले की पुढच्या वर्षी कुणीतरी तो स्रोत मोजतो आणि आलेखात नसलेली वाढ उगवते.

खबरदारी : आपल्याकडे ‘कोळसा’ या एकाच शब्दात दगडी कोळसा, लोणारी कोळसा आणि ‘पांढरा कोळसा’ म्हणजे ब्रिकेट, तिन्ही बसतात. माहितीच्या अर्जात तीन वेगळे रकाने ठेवा. लोणारी कोळशाच्या टनाला दगडी कोळशाचा सल्फर लावलेले तक्ते दुर्मीळ नाहीत.

पायरी २ : वर्ष एक करा

इथे तीन वर्षे एकमेकांत मिसळतात. वीज प्रकल्पाचे आकडे आर्थिक वर्षाचे असतात, एप्रिल ते मार्च. साखर वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. हवेच्या गुणवत्तेचे आणि आंतरराष्ट्रीय तक्त्यांचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर.

कोणतेही एक निवडा, पण सगळे त्यातच आणा. त्यासाठी वार्षिक बेरीज पुरत नाही, महिनावार आकडे लागतात. साखर कारखान्याचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चच्या आसपासपर्यंत चालतो, म्हणजे एकच हंगाम दोन कॅलेंडर वर्षांत वाटला जातो. ऊस कमी असलेल्या वर्षी हंगाम लवकर आटोपतो, तेव्हा निम्मे-निम्मे वाटून चालत नाही. शिवाय उरवलेले बगॅस हंगाम संपल्यावरही जळते. ते जळाले त्या महिन्यात धरा, निघाले त्या महिन्यात नाही.

पायरी ३ : इंधनाचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कागद कुठले मागायचे? वीज प्रकल्पासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे वीजनिर्मितीचे आणि कोळशाचे मासिक अहवाल, पर्यावरण मंजुरीचे सहामाही अनुपालन अहवाल आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचे पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५. साखर कारखान्यासाठी आरटी-८(सी) हे हंगामाचे विवरणपत्र. गाळप, उसावर बगॅसचे टक्के, जाळलेले, विकलेले आणि शिल्लक बगॅस हे सारे त्यात असते. केवळ गाळपावरून बगॅस काढायचेच झाले, तर उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के धरतात. पण विकलेले बगॅस वजा करायला विसरू नका. ते ब्रिकेट कारखान्यात गेले, ब्रिकेट कापड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळली, आणि तुम्ही तिन्हीकडे मोजले, तर एकाच बगॅसचा धूर तीनदा निघाला.

कोळशाबाबत ‘आलेला’ आणि ‘जळालेला’ हे आकडे वेगळे. साठा वाढला तर आलेला जास्त दिसतो. सुरुवातीचा साठा, अधिक आवक, वजा अखेरचा साठा, म्हणजे जळालेला कोळसा.

पडताळणी : ६६० मेगावॅटचा एक संच चोवीस तास पूर्ण भारावर चालला तर १ कोटी ५८ लाख युनिट वीज होते. भारतीय कोळशावर एका युनिटला साधारण ०.६ ते ०.७ किलो कोळसा लागतो. म्हणजे एका संचाला दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास. तुमचा वार्षिक कोळसा भागिले वार्षिक वीज हा आकडा ०.५ च्या खाली किंवा ०.८ च्या वर आला, तर कुठेतरी टन आणि हजार टन किंवा एक संच आणि पूर्ण प्रकल्प यांची गल्लत आहे.

पायरी ४ : इंधन कोणत्या आधारावर मोजले ते तपासा

प्रयोगशाळेचा अहवाल बहुधा हवेत वाळवलेल्या नमुन्याचा असतो आणि वजन मात्र वॅगनमधून आलेल्या ओल्या कोळशाचे. दोन्ही सरळ गुणले की राख आणि सल्फर फुगतात.

समजा वाळवलेल्या नमुन्यात ओलावा ६ टक्के आणि राख ३८ टक्के, आणि आलेल्या कोळशात एकूण ओलावा १४ टक्के. तर आलेल्या कोळशातली राख ३८ गुणिले ८६ भागिले ९४, म्हणजे ३४.८ टक्के. सल्फरलाही हाच गुणक.

उष्मांकाचीही हीच गत. भारतात ढोबळ उष्मांक सांगायची पद्धत आहे, आंतरराष्ट्रीय दर निव्वळ उष्मांकावर, म्हणजे वाफेबरोबर निघून जाणारी उष्णता वजा करून, असतात. दगडी कोळशात फरक पाच टक्क्यांच्या आसपास. बगॅसमध्ये मात्र तो मोठा आहे, कारण निम्मे वजन पाण्याचे. ५० टक्के ओलाव्याच्या बगॅसचा ढोबळ उष्मांक किलोला सुमारे २,२७५ किलोकॅलरी, निव्वळ सुमारे १,८०५. निव्वळ दराला ढोबळ उष्मांक लावला की उत्सर्जन २६ टक्क्यांनी फुगते. १,८०५ किलोकॅलरी म्हणजे ७.५६ मेगाज्यूल. हा आकडा पुढे लागेल.

पायरी ५ : औष्णिक प्रकल्पाचे उत्सर्जन काढा

उदाहरणासाठी १ लाख टन कोळसा घेऊ. राख ३६ टक्के, सल्फर ०.४५ टक्के, निव्वळ उष्मांक १६ मेगाज्यूल प्रति किलो. सगळे आलेल्या कोळशाच्या आधारावर.

*सल्फर डायऑक्साइड.* १ लाख टनांत सल्फर ४५० टन. सल्फरचा अणुभार ३२, सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४, म्हणून दुप्पट : ९०० टन. पाच टक्के सल्फर राखेत अडकतो असे धरले तर ८५५ टन बाहेर पडतो. गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा सुरू असेल तर तिची क्षमता आणि ती खरोखर किती तास चालली, दोन्ही लावा. उभी आहे पण बंद आहे अशा यंत्रणेचे श्रेय देऊ नका.

*धूळ.* राख ३६,००० टन. भुकटी करून जाळल्या जाणाऱ्या कोळशात सुमारे ८० टक्के राख धुराबरोबर वर उडते : २८,८०० टन. आता ईएसपी, म्हणजे धुरातली राख विद्युतभाराने पकडणारी यंत्रणा. क्षमता ९९.९ टक्के असेल तर २८.८ टन बाहेर जाते, ९९.५ टक्के असेल तर १४४ टन. क्षमतेत अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक, उत्सर्जन पाचपट. म्हणून ईएसपीच्या माहितीपत्रकावरची क्षमता उचलू नका, चिमणीतल्या मोजणीवरून ती उलट काढा. संच पेटवताना तेल जळत असते, त्या काळात ईएसपीचे काही भाग विद्युतभारित केलेले नसतात. अशा तासांची नोंद वेगळी मागा.

*नायट्रोजन ऑक्साइड.* हे कोळशातल्या घटकांवरून काढता येत नाही, कारण ते ज्वालेचे तापमान, बर्नर आणि हवेचे प्रमाण यांवर ठरते. चिमणीतली सतत मोजणी वापरा. मोजणी पीपीएममध्ये असेल तर सगळे नायट्रोजन डायऑक्साइड धरून २५ अंशांना १.८८ ने गुणा, म्हणजे घनमीटरला मिलिग्रॅम मिळतात. नायट्रिक ऑक्साइडच्या वजनाने गुणले तर उत्तर एक तृतीयांशाने कमी येते.

खबरदारी : युरोपीय मार्गदर्शिकेत दगडी कोळशाच्या वीज प्रकल्पासाठी एकूण धुळीचा दर ११.४ ग्रॅम प्रति गिगाज्यूल दिलेला आहे. तो कमी राखेच्या, नियंत्रण यंत्रणा असलेल्या प्रकल्पांचा आहे. आपल्या ३५-४० टक्के राखेच्या कोळशाला तो चिकटवू नका. त्याच मार्गदर्शिकेतला सल्फर डायऑक्साइडचा ८२० चा दर उलट आपल्यासाठी जास्त पडतो. वरच्या उदाहरणात तो ५३४ येतो.

पायरी ६ : चिमणीच्या मोजणीशी ताळा

या कोळशाच्या प्रत्येक किलोमागे, ६ टक्के ऑक्सिजनला आणि २५ अंशांना, सुमारे ६.३ घनमीटर कोरडा धूर होतो. १ लाख टनांचा ६३ कोटी घनमीटर. २८.८ टन धूळ त्यात पसरली तर घनमीटरला ४६ मिलिग्रॅम. ८५५ टन सल्फर डायऑक्साइडचे १,३५७ मिलिग्रॅम. चिमणीवरचे यंत्र धुळीसाठी ४० ते ५० दाखवत असेल तर हिशेब जुळला. ते १५ दाखवत असेल तर आधी यंत्राचे कॅलिब्रेशन पाहा, मग आपली क्षमता.

ऑक्सिजनची दुरुस्ती इथे बहुतेकांना चकवते. मोजलेली तीव्रता ४० आणि धुरात ऑक्सिजन ९ टक्के असेल, तर ६ टक्क्यांना ती ४० गुणिले १५ भागिले १२, म्हणजे ५० होते (हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून २१ वजा ६ आणि २१ वजा ९). मर्यादेशी तुलना याच ५० ची. पण टन काढताना दुरुस्त तीव्रतेला दुरुस्त धूर, किंवा मोजलेल्या तीव्रतेला मोजलेला धूर. दुरुस्त ५० ला मोजलेल्या प्रवाहाने गुणले की २५ टक्के जास्त उत्तर येते, आणि ते सहज खपून जाते.

तासागणिक आकडे उघडून डोळ्यांनी पाहा. एकच आकडा दिवसभर सरळ रेषेत असेल तर ती मोजणी नव्हे, अडकलेले यंत्र आहे. रिकाम्या तासांत सरासरी भरताना संच चालू होता का हे वीजनिर्मितीच्या आकड्यावरून तपासा. बंद संचाच्या तासांत सरासरी भरली की न झालेला धूर हिशेबात येतो.

आणि एक मोठी चूक : मर्यादेचाच आकडा उत्सर्जन म्हणून वापरणे. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत संच कधी उभारला यावरून धुळीची मर्यादा १००, ५० किंवा ३० मिलिग्रॅम आहे. तिच्यात पुढे बदलही झाले. मर्यादा म्हणजे परवानगी आहे, मोजमाप नाही.

पायरी ७ : बगॅस बॉयलर

समजा एका कारखान्याने १० लाख टन ऊस गाळला. २८ टक्क्यांनी बगॅस २.८ लाख टन, त्यातले ९० टक्के जाळले : २.५२ लाख टन. अमेरिकेच्या एपी-४२ या उत्सर्जन दरांच्या संग्रहात ओल्या बगॅसच्या टनामागे धुळीचे दर असे आहेत : नियंत्रण नसेल तर ७.८ किलो, यांत्रिक धूळसंकलक असेल तर ४.२, वेट स्क्रबर (पाण्याने धूळ पकडणारी यंत्रणा) असेल तर ०.७. याच कारखान्याचे उत्सर्जन त्यामुळे १,९६६ टनही निघू शकते आणि १७६ टनही. बॉयलरला मागे काय जोडले आहे आणि ते कोणत्या हंगामात जोडले, हे विचारल्याशिवाय दर लावू नका. जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांना एकच दर लावणे ही या पायरीवरची सगळ्यात महाग चूक आहे.

पडताळणी : साखर उद्योगासाठी २०१६ पासून चिमणीतल्या धुळीची मर्यादा १५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे. टनभर बगॅसमागे चार हजार घनमीटर धूर धरला तर मर्यादेवर चालणारा बॉयलर टनाला ०.६ किलो सोडतो. म्हणजे स्क्रबरचा ०.७ चा दर आवाक्यात आहे. युरोपीय जैवइंधनाचा १७२ ग्रॅम प्रति गिगाज्यूल हा दर मघाच्या ७.५६ ने गुणला तर टनाला १.३ किलो येतो, म्हणजे स्क्रबरच्या दराच्या जवळपास दुप्पट.

कारखान्याजवळच्या गावात हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर, गच्चीवर, हौदाच्या पाण्यावर जी काळी पापुद्र्यासारखी काजळी पडते ती अर्धवट जळालेल्या बगॅसची. बोटांत चुरली की चटकन मोडते. तिचे कण पीएम-१० हून, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीहून, कितीतरी मोठे असतात. लोकांची तक्रार खरी आहे आणि ती एकूण धुळीच्या रकान्यात दिसलीच पाहिजे, पण तिच्यावरून पीएम-२.५ काढू नका. उलट काजळी दिसत नाही म्हणून बारीक धूळही नाही, असेही समजू नका.

हंगामाबाहेर बॉयलर दगडी कोळशावर चालला असेल तर त्या महिन्यांना बगॅसचा दर लागत नाही. बगॅसमध्ये सल्फर नगण्य असतो, कोळशात नाही. सल्फरच्या रकान्यात एखादे वर्ष एकदम उंच दिसले तर आधी हेच तपासा.

पायरी ८ : लोणारी कोळसा आणि ब्रिकेट

या भट्ट्या छोट्या, विखुरलेल्या आणि फिरत्या असतात, म्हणून त्या सोडून दिल्या जातात. ते मला मान्य नाही. कारण आकड्यांतच आहे. एपी-४२ नुसार नियंत्रण नसलेल्या भट्टीत १ टन लोणारी कोळसा तयार होताना सुमारे १५५ किलो धूळ निघते. पायरी ५ मधल्या १ लाख टन दगडी कोळशाची २८.८ टन धूळ आठवा. तेवढी धूळ सोडायला अवघा १८६ टन लोणारी कोळसा पुरतो. तीही पावणेतीनशे मीटरच्या चिमणीतून नव्हे, माणसाच्या उंचीवर, भट्टीशेजारी राहणाऱ्या मजूर कुटुंबाच्या तोंडावर.

मोजणी अशी करा :

१. भट्टीवाल्याला टन विचारू नका, पोती विचारा. एका पोत्याचे वजन स्वतः काट्यावर करा, किमान दहा पोत्यांची सरासरी घ्या.
२. एका भट्टीला किती दिवस लागतात आणि वर्षात किती वेळा ती लागते ते विचारा. पावसाळ्यात काम बंद असते, बारा महिन्यांनी गुणू नका.
३. ताळा लाकडावरून घ्या. मातीच्या भट्टीत वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के कोळसा मिळतो. ४० टक्के उतारा सांगितला गेला तर लाकूड कमी सांगितलेले आहे किंवा कोळसा अर्धा कच्चा आहे.
४. दर कोळशाच्या टनाला आहे की लाकडाच्या टनाला, हे दोनदा वाचा. इथे चुकले तर उत्तर चार ते जवळपास सात पटींनी बदलते.

ब्रिकेट कारखान्यात दाबयंत्र विजेवर चालते. तिथला धूर वाळवणीच्या भट्टीचा आणि धूळ भुसा हाताळण्याची. ब्रिकेट जळताना होणारा धूर ती वापरणाऱ्याच्या खात्यात.

पायरी ९ : आता कल मांडा

सगळी वर्षे एकाच पद्धतीने मोजलेली असतील तरच रेघ ओढा. या वर्षी चिमणीची मोजणी आणि पाच वर्षांपूर्वी नुसता छापील दर, अशी जोडाजोड केली तर आलेखात पद्धतीतला बदल दिसतो, हवेतला नाही. नवी पद्धत मिळाली की मागची वर्षे पुन्हा मोजा. मागचे आकडे मिळतच नसतील, तर दोन-तीन वर्षे दोन्ही पद्धतींनी काढा आणि त्यांच्या गुणोत्तराने जुनी वर्षे दुरुस्त करा.

पायाचे वर्ष जपून निवडा. एनटीपीसीचा पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिक निर्मितीत आला. २०१६ पाया धरला तर जिल्ह्याची वाढ प्रचंड दिसेल, २०१९ धरला तर चित्र वेगळे. दोन्ही खरे आहेत, म्हणून दोन्ही टप्पे आलेखावर उभ्या रेघेने दाखवा. २०२० चे टाळेबंदीचे वर्ष पाया म्हणून घेऊ नका.

वाढीचे दोन तुकडे करा. समजा एका वर्षी २० लाख टन कोळसा आणि टनाला ८ किलो सल्फर डायऑक्साइड, म्हणजे १६,००० टन. पुढे ३० लाख टन कोळसा आणि ७.६ किलो, म्हणजे २२,८०० टन. वाढ ४२.५ टक्के. त्यात इंधन ५० टक्क्यांनी वाढले आणि दर ५ टक्क्यांनी घटला. ‘प्रकल्प सुधारला’ आणि ‘हवेत जास्त गेले’ ही दोन्ही वाक्ये इथे एकाच वेळी खरी आहेत. तक्त्यात त्यांतले एकच छापू नका.

अनिश्चितताही लिहा. इंधनात २ टक्के आणि दरात १० टक्के असेल तर वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ १०.२ टक्के. भट्ट्यांसाठी ५० आणि १०० धरले तर ११२ टक्के. म्हणजे भट्ट्यांचा धूर यंदा ५ टक्क्यांनी कमी झाला, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

शेवटची तपासणी : शहरातल्या हवा निर्देशांकाच्या आलेखाशी हा कल जुळलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी एक आहे, तिथल्या हवेत रस्त्याची धूळ, वाहने, बांधकाम, कचरा जाळणे हे सारे येते, आणि हिवाळ्यात वारा पडला की तेवढाच धूर जास्त दाट दिसतो. निर्देशांक घटला म्हणून उत्सर्जनाचा आकडा मागून ‘दुरुस्त’ करणारे पान दिसले, तर ते पान परत पाठवा आणि पायरी ३ ची महिनावार कागदपत्रे मागवा.